घासणार कोण?

डायनोसॉरच्या सांगाड्यासमोर उभं राहून 'मान जरा आखूड हवी होती' असं कुणी म्हणत नाही. तारांगणात शनीची कडी पाहून 'एखादं कमी चाललं असतं' असं सुचवणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. शिलालेखासमोर तर आपण इतक्या गंभीर चेहऱ्यानं उभे राहतो, की शेजारच्याला वाटावं, यांची ब्राह्मीची परीक्षा झालेली दिसते. पण हाच नम्र माणूस वापराच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या संग्रहालयात शिरला, समोर खुर्ची, तांब्या, दिवा, पानदान असं काही दिसलं, की त्याच्या अंगात तज्ज्ञ संचारतो. कारण उघड आहे. डायनोसॉर कुणी पाळलेला नसतो. खुर्चीवर मात्र प्रत्येक जण बसलेला असतो.

अशा ठिकाणचे प्रेक्षक ठरलेले. पहिला 'हे आमच्याकडे होतं'वाला. याच्याकडे सगळं 'होतं'. पानदान होतं, मेणा होता, वाघनखंसुद्धा होती, पण ती वाटणीत चुलत्यांकडे गेली. दुसरा किंमतवाला. वस्तू बघताना याचे ओठ हलत असतात. ते रसग्रहण नसतं, वजन गुणिले पितळेचा आजचा भाव असा हिशोब असतो. तिसरा बसायला जागा शोधणारा. इतक्या खुर्च्या दुसरीकडे कुठं एकत्र बघायला मिळत नाहीत आणि इतकं उभंही दुसरीकडे कुठं राहावं लागत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तर सोळाव्या शतकाच्या अखेरचा, तीन मीटरहून रुंद असा पलंग ठेवला आहे. दालनं तुडवून पाय दुखायला लागलेल्या माणसाला पलंग दाखवणं आणि वर 'हात लावू नये' म्हणणं ही शुद्ध क्रूरता आहे. हा पलंग मूळचा वेअर नावाच्या गावातल्या सराईतला. चार जोडपी एका वेळी त्यावर मावत असा त्याचा लौकिक होता. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनी त्याच्या लाकडावर आपापली आद्याक्षरं कोरून ठेवली आहेत. किल्ल्यांच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्या आपल्या मंडळींना ही माहिती शक्यतो कळू देऊ नये.

प्रेक्षकांचा चौथा प्रकार मला आत्यामुळे कळला.

झालं असं, की माझी पुतणी डिझाइन शिकते. कॉलेजनं तिला रोजच्या वापरातल्या वस्तूंचा अभ्यास करायला सांगितलं होतं. आमच्या घरातल्या वस्तू तिनं आधी पाहिल्या आणि मग ती म्हणाली, "काका, आपण केळकर म्युझियमला जाऊ या." हा आमच्या घरावरचा अभिप्राय आहे हे माझ्या लक्षात आलं, पण मी गाडीची किल्ली घेतली. आत्याला कुठंही जायला कारण लागत नाही, गाडीत जागा लागते. ती चपला घालून आमच्या आधी लिफ्टपाशी उभी होती.

बाजीराव रस्त्याच्या आसपास गाडी लावायला जागा मिळवणं ही पुण्यातली एक स्वतंत्र कला आहे आणि तिचं संग्रहालय अजून निघालेलं नाही. ती कला सादर करून आम्ही नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालयापाशी पोचलो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत आणि त्यांच्या घरचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला नीट दिसावं ही जबाबदारी त्यांच्या धंद्याचीच, पण गिऱ्हाइकांच्या घरात काय पडलंय हे मात्र त्यांच्या एकट्याच्या नजरेला दिसत होतं. पुण्याचे आणि बाहेरगावचे वाडे मोडत होते, जुनी भांडी मोडीत निघत होती, दारं-खांब जळणाच्या भावानं जात होते. साधारण १९२० पासून हा माणूस ते सगळं गोळा करत सुटला. राजेरजवाड्यांच्या जवाहिरापेक्षा यांचा जीव अडकित्ता, दौत, कुलूप, फणी, करंडा असल्या गोष्टींत. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला. १९६२ साली त्याचं संग्रहालय झालं आणि १९७५ साली त्यांनी ते सारं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात.

पुतणीनं हे आत्याला समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हणजे बाकीच्या माळ्यावरच की!"

आम्ही दिव्यांपासून सुरुवात केली. समया, निरांजनं, लामणदिवे, पक्षी बसलेले, हत्ती उभे असलेले, साखळीच्या कडीकडीत नक्षी असलेले. पुतणी वही उघडून उभी राहिली. प्रमाणबद्धता, सिल्हूट, नकाराकाश असे शब्द तिच्या तोंडून निघायला लागले. एका लामणदिव्याची साखळी तर अशी होती, की मधूनमधून पानं, फुलं, घंटा आणि प्रत्येक पानाच्या शिरासुद्धा कोरलेल्या. मी 'वा!' म्हणालो. संग्रहालयात मधूनमधून 'वा!' म्हणावं, म्हणजे बरोबरच्यांना आपण थकलोय हे कळत नाही.

आत्या मात्र त्या साखळीकडे वैऱ्याकडे पाहावं तशी पाहत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "घासणार कोण?"

"अगं आत्या, कारागिरी बघ."

"तीच बघतेय. या प्रत्येक पानाच्या खाचेत तेल जाणार, तेलावर काजळी बसणार, काजळीवर धूळ. चिंचेनं वरवरचं निघतं. खाचेतलं काढायला काडीला चिंधी गुंडाळावी लागते. एक साखळी म्हणजे एक दुपार गेली."

प्रेक्षकांचा चौथा प्रकार तो हा. वस्तू कुणी घडवली, कोणत्या शतकात, कोणत्या शैलीत, हे त्याच्या लेखी दुय्यम असतं. ती दिवाळीच्या आधी कुणाच्या पुढ्यात येऊन पडत होती, हा त्याचा प्रश्न. मी सगळ्या पाट्या वाचून पाहिल्या. पाटीवर धातू असतो, प्रांत असतो, काळ असतो. घासणारीचा उल्लेख जगातल्या कुठल्याच संग्रहालयाच्या पाटीवर नसावा.

पुढं अडकित्ते. सुपारी कातरण्यासाठी दोन दांडे आणि एक पातं एवढं पुरतं. पण इथं पोपट आहेत, घोडे आहेत, बायका आहेत, जोडपी आहेत, आणि त्यांतल्या काही जोडप्यांचं सुपारीकडे लक्ष नाही. पुतणी म्हणाली, "आत्याआजी, हा फॉर्म बघ ना." आत्यानं चष्मा वर केला, फॉर्म बघितला, चष्मा खाली केला आणि म्हणाली, "सुपारी कातरायची की हे बघत बसायचं? बोट कापेल एखाद्याचं." उपयोग आणि अलंकार यांच्या नात्यावर इतकं नेमकं भाष्य मी तरी ऐकलेलं नाही.

हेच भाष्य करायला इंग्रजांना एक सबंध म्युझियम काढावं लागलं होतं. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जगभरच्या मालाचं प्रचंड प्रदर्शन भरलं. त्याच्या मुख्य संयोजकांपैकी एक हेन्री कोल. प्रदर्शनात त्यांच्या लक्षात आलं, की यंत्रात इंग्लंड पुढं आहे, पण अभिरुचीच्या नावानं आनंद आहे. मग सरकारनं ५,००० पौंड दिले, त्यातून प्रदर्शनातल्याच निवडक वस्तू विकत घेतल्या आणि १८५२ साली मार्लबरो हाउसमध्ये म्युझियम उघडलं. पुढं वाढत वाढत १८९९ साली त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट झालं. मुंबईकरांना ऐकून बरं वाटेल, की भायखळ्याला राणीच्या बागेत जे आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं तेव्हाच त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. म्हणजे नावात तरी लंडननं आपली नक्कल केली.

तर कोलसाहेबांनी चांगल्या वस्तू मांडल्याच, पण एक दालन मुद्दाम वाईट वस्तूंचं केलं. 'हे असं करू नये' हे लोकांना कळावं म्हणून. त्यात खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या फुलांचे गालिचे होते, कारण फुलं ही पायाखाली तुडवायची वस्तू नव्हे. पाकळ्यांतून गॅसची ज्योत बाहेर येणारं फूल होतं. पक्ष्याच्या आकाराची कात्री होती. लोकांनी त्या दालनाला 'भयालय' अशा अर्थाचं नाव ठेवलं आणि चांगल्या वस्तू सोडून तिथंच गर्दी केली. हे जगात सगळीकडे असंच होतं. आदर्श विद्यार्थ्याची वही कुणी बघत नाही, नापास झालेल्याची सगळे बघतात. ज्यांचा माल तिथं मांडला होता त्या कारखानदारांनी आरडाओरडा केला आणि दालन लवकरच बंद पडलं. डिकन्स यांच्या साप्ताहिकात त्यावर एक धमाल लेख आला होता. त्यातला गृहस्थ ते दालन बघून घरी जातो आणि त्याला स्वतःच्याच घरात बसवेनासं होतं. भिंतीचा कागद चुकीचा, गालिचा चुकीचा, चहाचा कप चुकीचा. मला या गृहस्थाबद्दल फार आपुलकी वाटते. आमच्या शोकेसमध्ये संगमरवरी ताजमहाल आहे आणि त्यात दिवा लागतो.

गंमत पुढं आहे. कोल आणि त्यांचे सहकारी वाईट वस्तूंच्या विरुद्ध चांगल्या म्हणून ज्या दाखवत होते, त्यांत हिंदुस्थानातल्या वस्तू भरपूर होत्या. कापडावरची नक्षी कापडासारखीच सपाट ठेवतात, खोटी खोली दाखवत नाहीत, अलंकार वस्तूच्या अंगाबाहेर जात नाही, असं कौतुक करून इंग्लिश कारागिरांना आपल्याकडचे नमुने गिरवायला सांगत. मी विचार करतो, हे साहेब नातूबागेत आले असते तर? लंडनला पक्ष्याची कात्री नापास करून आलेला माणूस इथं पोपटाच्या अडकित्त्यासमोर उभा. नापास करावं तर हिंदुस्थानी माल, पास करावं तर चोच सुपारीत. तसे तेही काही साधे नव्हते. १८४३ साली नाताळचं पहिलं छापील शुभेच्छापत्र विक्रीला काढणारे हेच. पुढल्या पावणेदोनशे वर्षांत जगभर जी कोट्यवधी चकचकीत भेटकार्डं घरोघरी साचली, त्यांचा मूळपुरुष लोकांना अभिरुची शिकवत होता.

कोलसाहेबांची कसोटी होती, 'वस्तूचा उपयोग काय आणि अलंकार त्याला शोभतो का?' आत्याची कसोटी त्यापेक्षा सोपी आणि जास्त कडक. त्या कसोटीनं एकेक दालन पार करता करता मला एक नियम सापडला. हुक्का बघा. ओढणारा सरदार, घासणारा नोकर. नक्षी भरगच्च. पानदान बघा. पान खाणारे पाहुणे, घासणारी सून. जाळी, कंगोरे, खाली चार पाय आणि प्रत्येक पायाला सिंहाचा पंजा. दौत बघा, पिकदाणी बघा. उलट ज्याचं त्यालाच घासावं लागतं, असा फौजेतला मगा किंवा वारकऱ्याचा तांब्या बघा. एक रेष नाही. म्हणून नियम असा: वस्तूवरची नक्षी ही, ती वापरणारा आणि ती घासणारा यांच्यातल्या अंतराच्या सम प्रमाणात वाढते.

पुतणीनं तो वहीत लिहून घेतला. खाली माझं नाव लिहिलं नाही.

कुलपं आम्ही झपझप पाहिली. प्राण्यांच्या आकाराची, गुप्त खटक्यांची, एकापेक्षा एक अवघड कुलपं. "एवढं कुलूप म्हणजे आत काय असेल!" मी म्हणालो. आत्या म्हणाली, "काही नसेल. असणाऱ्याच्या घरी माणसं असतात राखायला." मस्तानीच्या कोथरूडच्या महालातले अवशेष आणून इथं त्याचं दालन उभं केलं आहे. तिथं झुंबरं पाहून आत्याचा नेहमीचा प्रश्न येणार म्हणून मी कान टवकारले. पण ती बराच वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "हिला घासावं लागलं नसेल. बाकी मात्र सगळं सोसावं लागलं." मग पदरानं कपाळ पुसून ती पुढं निघाली. इतिहासावरची एवढी आटोपशीर टिप्पणी करायला आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना तीन व्याख्यानं लागतात.

माझा नियम स्वयंपाकाच्या वस्तूंपाशी कोसळला.

विळ्या, खवण्या, झारे, पळ्या, शेवयांचे साचे, मसाल्याचे डबे. हे वापरणारी बाई आणि घासणारी बाई एकच. अंतर शून्य. माझ्या नियमाप्रमाणे नक्षीही शून्य हवी. आणि इथं तर एका डब्याच्या झाकणावर मूठ म्हणून मोर बसलेला, एका पळीच्या शेंड्याला पोपट, कुठं हत्ती, कुठं वेल. मी वैज्ञानिक वृत्तीचा माणूस आहे. नियमाच्या आड वस्तू आली की मी आधी वस्तूवर संशय घेतो. "या श्रीमंतांच्या घरच्या असणार," मी म्हणालो. "स्वयंपाकाला बाई असेल."

"श्रीमंतांकडे काय," आत्या म्हणाली. "माझ्या आईच्या पळीला पोपट होता. आई स्वतः राखेनं घासायची. रोज."

"मग 'घासणार कोण' कुठं गेलं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "अरे, पहाटे पाचला आत गेलेली बाई रात्री सगळ्यांची पानं झाल्यावर बाहेर यायची. खिडकी एवढीशी, तीही चुलीच्या धुरानं काळी. दिवसभर तिनं बघायचं काय? भिंत? तिला बघायला पोपट. आई त्याच्याशी बोलायचीसुद्धा."

"काय बोलायची?" पुतणीनं विचारलं.

"ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्याबद्दलच असणार."

पुतणीनं वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं तर 'इमोशनल ड्युरेबिलिटी' असं इंग्रजी वळणाचं होतं. मीही मनातल्या मनात नियमाला पोटकलम जोडलं. लोकांना दाखवायची नक्षी अंतराबरोबर वाढते, सोबतीला ठेवलेल्या नक्षीला तो नियम लागत नाही. पहिली बैठकीत असते, दुसरी चुलीपाशी. पहिलीला दुसऱ्याचे हात लागतात. दुसरीची काजळी बाई स्वतः काढते आणि कुरकुरत नाही, कारण ती भांडं घासत नसते, पोपटाचं तोंड धूत असते.

याचा पक्का पुरावा वज्र्यांपाशी मिळाला. वज्री म्हणजे टाच घासायची वस्तू. तळाला खरखरीत, वर धरायला मूठ. हिच्याइतकी घरगुती, न्हाणीघराबाहेर कधीच न येणारी, पाहुण्यांना न दाखवायची दुसरी वस्तू नसेल. आणि तिच्यावर काय नसावं? पक्षी, प्राणी, माणसं. काही वज्र्यांच्या पोटात गोट्या असतात, टाच घासताना त्या खुळखुळतात. संगीतासह टाच. ज्या काळात बायकांना मोठ्यानं हसायची चोरी होती, त्या काळात न्हाणीघरात घुंगरू वाजत होते आणि बाहेर बसलेल्या मंडळींना वाटत असणार, सून फार वेळ लावते.

आत्या तिथून हलेना. बोट काचेवर ठेवून तिनं निकाल दिला, "ही खरी वस्तू. ही घासते, हिला घासावं लागत नाही." अख्ख्या संग्रहालयात शंभरापैकी शंभर गुण मिळवणारी ती एकटीच.

बाहेर पडण्याआधी पुतणीनं आम्हाला एका साध्या तांब्यासमोर थांबवलं. तिच्या कॉलेजात या तांब्याला देवघरात ठेवायचंच काय ते बाकी आहे. कारण असं, की १९५८ साली भारत सरकारनं चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याकडून एक अहवाल लिहून घेतला. इथल्या डिझाइनच्या शिक्षणाचं काय करावं यावर. त्यातूनच पुढं १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. देशभर हिंडून या दोघांनी जे जे पाहिलं, त्यात त्यांना सगळ्यांत थोर वस्तू वाटली ती लोटा. ताजमहालसुद्धा नाही. आणि मग त्यांनी एक लांबलचक यादी दिली आहे, की लोटा करायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल. पाणी किती मावावं, धरणारा हात कुणाचा, बाईचा की पोराचा. डोक्यावर न्यायचा की कमरेवर. भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा. ओतताना धार कशी पडते. हाताला कसा लागतो. वाजतो कसा. किंमत किती. मोडीत काढला तर काय येईल. आणि असा लोटा कुणा एकानं बसून आखलेला नाही, पिढ्यान् पिढ्या माणसांनी वापरून वापरून तो घडवला आहे, असं त्यांचं म्हणणं.

आत्या एकाग्रतेनं ऐकत होती. "त्यात घासण्याचं आहे का?"

पुतणी म्हणाली, "आहे. पाण्याची धार आणि तोंडाचा घेर बघायचा तो ओतताना, भरताना आणि साफ करताना. आतला-बाहेरचा पोतसुद्धा साफसफाईच्या दृष्टीनं बघा, असं आहे."

आत्याच्या चेहऱ्यावर सरकारबद्दल इतका आदर मी पहिल्यांदाच पाहिला. "त्या बाईनं सांगितलं असणार," ती म्हणाली. "नवऱ्याला सुचायचं नाही." मग या जोडप्यानं १९५६ साली काढलेल्या जगप्रसिद्ध आरामखुर्चीचा फोटो पुतणीनं फोनवर दाखवला. काळं चामडं, त्यावर गुंड्या आणि गुंडीगुंडीपाशी खळगा. आत्यानं फोटो मोठा करायला सांगितला. "खळग्यातली धूळ काढायला ती काडी लागणारच," ती म्हणाली. "म्हणजे लोट्याचं लिहिलं बाईनं आणि खुर्ची केली नवऱ्यानं." कलेच्या इतिहासात हे मत कुणी मांडलेलं नसावं आणि मी त्याची जबाबदारी घेत नाही.

तेवढ्यात आत्याचं लक्ष पितळेच्या काळपट झालेल्या एका वस्तूकडे गेलं. "हे मात्र चांगलं दिसत नाही हो. चिंच लावली तर दहा मिनिटांत लखलखेल."

"नाही आत्याआजी!" पुतणी जवळजवळ ओरडलीच. मग तिनं समजावून सांगितलं. जुन्या वस्तू सांभाळणारी मंडळी त्या उगाच उजळत नाहीत. चिंच-लिंबाचं आम्ल आणि राख-रांगोळीची घासणी यांनी फक्त मळ जात नाही, दर वेळी धातूचाही बारीक थर जातो. शंभर वर्षं घासलं की नक्षीच पुसट होते. तो काळपटपणा धातूवर पांघरुणासारखा असतो. काही वेळा तोच वस्तूचं वय सांगतो आणि किंमतही वाढवतो.

मला एकदम आमच्या देवघरातली समई आठवली. तिच्या शेंड्यावर मोर आहे असं आम्हाला लहानपणापासून सांगण्यात आलं आहे. तीन पिढ्यांनी चिंच आणि रांगोळीनं घासून त्याचा तुरा गेला, पिसारा गुळगुळीत झाला, चोच आत गेली. आता ती कोंबडी आहे. आमच्या घरी दिवाळीत सगळे जण भक्तिभावानं कोंबडीपुढं हात जोडतात. साधा, एकही रेष नसलेला लोटा पिढ्यान् पिढ्यांनी कसा घडवला, याबद्दल ईम्स पतिपत्नींना जे गूढ वाटलं, त्याचा उलगडा मला तिथल्या तिथं झाला. मुळात त्यावर भरपूर नक्षी असणार. आपल्या बायकांनी घासून घासून ती काढली.

आत्या गप्प झाली होती. ती दुखावली असेल असं वाटून पुतणीनं तिचा हात धरला. पण आत्या हिशोब करत होती. "म्हणजे," ती म्हणाली, "घासायचं नाही?"

"शक्यतो नाही."

"काळं पडलं तर पडू द्यायचं?"

"हो."

"आणि त्याला किंमत येते?"

"येते."

"हे माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलं नाही," आत्या म्हणाली, आणि ते इतक्या शांतपणे म्हणाली की आम्ही दोघंही हसायचं विसरलो. मग तीच हसायला लागली. "चाळीस वर्षं मला आळशी म्हणायच्या. मी तर म्युझियम चालवत होते!"

त्या दिवसापासून आमच्या घरात वस्तूंचं संवर्धन सुरू आहे. आत्यानं तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच बंद केली आहे. बायको या शोधावर इतकी खूश आहे, की पुतणीला प्रकल्पात जे काही गुण मिळतील त्यात तिनं आपल्याकडून दहा वाढवून दिले आहेत. मी स्कूटर धूत नाही, तिचं वय दिसायला हवं. चिरंजीवांनी बूट पुसणं सोडलं आहे आणि परवा चहाचे प्याले आणि दुधाचं पातेलं रात्रभर तसंच ओट्यावर ठेवून, जाब विचारल्यावर, त्यानं मूळ थराला धक्का लावू नये या तत्त्वाचा आधार घेतला.

आत्या टीव्हीसमोरून न उठता म्हणाली, "स्टीलला हा नियम नाही."